मी तिच्या हाताला लावलेली सवय

मी मेर्लीचं जुनं पिस्तूल बोलतोय. पिस्तूल म्हटल्यावर तुम्ही जरा मागे सरकला असाल, पण घाबरू नका. मी आजवर कोणाच्या केसालाही धक्का लावलेला नाही. पुठ्ठे आणि लोखंडी पाट्या, एवढंच काय ते मी पाडलं. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या मैदानावर दर रविवारी धावत धावत नेम साधायच्या स्पर्धा होतात, मी त्या स्पर्धांचा. तरीही माझ्या मनावर एक अपराध आहे आणि तो कबूल केल्याशिवाय या कपाटात मला स्वस्थ पडवत नाही.

मी जन्मलो लांबच्या एका थंड देशातल्या कारखान्यात. अंग बरंचसं प्लास्टिकचं, वजनाला हलका. माझी खासियत अशी, की इतर पिस्तुलांना पाठीमागे जो घोडा, म्हणजे आपटून गोळी उडवणारा खटका असतो, तो मला बाहेरून नाहीच. मला भरा, कमरेच्या म्यानात ठेवा, काढा आणि चाप ओढा. मधे काही आठवावं लागत नाही. या गोष्टीचा मला केवढा तोरा होता. आज त्याचीच लाज वाटते.

माझे पहिले मालक सेलेस्तिनो. आयुष्य जहाजाच्या इंजिनघरात काढलेला माणूस, बोलायला कमी आणि ऐकायलाही थोडा कमीच. त्यांनी सायकलची जुनी ट्यूब कापून माझ्या मुठीवर चढवली, घामाने हात घसरू नये म्हणून. सात वर्षं त्यांनी मला वापरलं. मग डोळ्यांत मोतीबिंदू झाले, पुढची पाटी दिसेना, तेव्हा ते स्पर्धा सोडून पंच झाले. मला त्यांनी विकलं नाही. रीतसर कागदपत्रं करून मेर्लीला दिलं.

मेर्ली म्हणजे मेर्लिंडा. सेलेस्तिनो तिचे निनोंग, म्हणजे चर्चमधे बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातावर घेतलेले धर्मपिता. तिचा बाप त्यांच्याच जहाजावर होता आणि तो समुद्रातून परत आला नाही, तेव्हापासून हे नातं नावापुरतं राहिलं नव्हतं. तिला नेमबाजी त्यांनीच शिकवली. ते तिला अजूनही इंदाय म्हणतात, लहान मुलीला म्हणतात तसं. इंदायचं वय आता सेहेचाळीस.

नऊ वर्षं मी तिच्या हातात होतो. तिची बेकरी आहे. पहाटे उठून ती परातभर पीठ मळते आणि रविवारी मला घेऊन मैदानावर येते. प्रत्येक गोळीला मी तिच्या मनगटाला हिसका द्यायचो. हलक्या अंगाचा दोष, दुसरं काय. पहिली काही वर्षं तिने मनावर घेतलं नाही. पुढे पुढे स्पर्धा संपली, की ती बेकरीत विकायला ठेवलेली आइस कँडीची गोठलेली लांब पिशवी मनगटाला गुंडाळून बसायची. मी शेजारी पडून ते बघायचो. मला वाईट वाटायचं, पण मी स्वतःची समजूत घालायचो, की हे पिठाचं दुखणं असणार.

प्रांताच्या संघात बायकांसाठी एकच जागा असते. दोन वर्षं लागोपाठ मेर्लीची ती जागा थोडक्यात हुकली होती. दोन्ही वेळा शेवटच्या फेरीत, मनगट थकल्यावर, तिच्या गोळ्या पसरल्या. यंदा नाही तर पुन्हा नाही, असं तिने मनाशी धरलं होतं.

निनोंग डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी महिनाभर मनिलाला गेले आणि तेवढ्यात तिने पिस्तूल बदलायचं ठरवलं. आमच्याकडे कोणी पिस्तूल बदलणार म्हटलं, की मैदानावरचे सगळे आपापलं पुढे करतात. घे, चालवून बघ. एका दातांच्या डॉक्टरांनी त्यांचं महागाचं दिलं. त्याला अंगठ्याने उघडायची सुरक्षेची कळ होती. मेर्ली ते म्यानातून काढून चाप ओढत राहिली आणि ते ढिम्म, कारण कळ उघडायची राहिली. असं तीनदा झालं. मग कोणीतरी माझ्याच जातीचं थोडं मोठं आणून दिलं. ते तिच्या हातात छान बसलं आणि मनगटाला माझ्यासारखाच हिसका देऊन गेलं. मी खूश होतो. म्हटलं, फिरून फिरून माझ्याकडेच येणार.

मग ओफेलियाबाईंनी त्यांचं पोलादी पिस्तूल तिच्या हातात ठेवलं. बँकेतून निवृत्त झालेल्या या बाई जिभेच्या फार तिखट. पिस्तूल किलोभराहून जड, पाठीमागे घोडा. मेर्लीने पाच गोळ्या झाडल्या. पाच भोकं एका पेसोच्या नाण्याने झाकता आली असती. तिने मनगट फिरवून बघितलं आणि ती हसली. गेल्या चार वर्षांत गोळी झाडल्यावर ती कधी हसली नव्हती. त्या हसण्याने मी जळलो, हे मी लपवत नाही.

तिने तसलंच घेतलं. पण घरी आणून कपाटात माझ्या शेजारी ठेवलं आणि निनोंगना सांगितलं नाही. ते परतल्यावर सांगते म्हणाली, मग पट्टी निघाल्यावर, मग नाताळ झाल्यावर. त्यांनी दिलेलं पिस्तूल सोडलं हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, असं ती ओफेलियाबाईंना म्हणायची. त्यामुळे रविवारी मैदानावर निनोंगच्या समोर ती मलाच चालवायची. आणि नव्याचा सराव घरी, झोपायच्या खोलीत, रिकाम्या पिस्तुलाने, एकही काडतूस न भरता.

आता इथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यावर अडलं. घोडावाल्या पिस्तुलात गोळी भरली, की घोडा वर चढून बसतो. आम्ही स्पर्धेत ज्या गटात उतरतो, त्याचा नियम असा, की तो उतरवूनच पिस्तूल म्यानात ठेवायचं. उतरवायचा हाताने. अंगठ्याने घोडा धरायचा, चाप ओढायचा आणि घोडा हळूहळू खाली न्यायचा. अंगठा निसटला, की गोळी सुटणार. माझ्याबरोबर तिला हे नऊ वर्षांत एकदाही करावं लागलं नव्हतं.

कपाटाचं दार लोटलेलं असायचं. पलीकडून मला तिचा सराव ऐकू यायचा. घोडा नीट उतरला, की आवाज होत नाही. निसटला, की टक असा आवाज येतो. दहा वेळांत दोनदा तीनदा टक व्हायचं. पिस्तूल रिकामं, त्यामुळे तिला त्याचं काही वाटायचं नाही. मला मात्र कळत होतं, कधीतरी अशा एका टकच्या वेळी आत गोळी असेल. आणि खरं सांगू? मला तो आवाज ऐकायला आवडायचा. मी त्याची वाट बघत पडायचो.

निवड स्पर्धेच्या रविवारी तिने नवं पिस्तूल कमरेला लावलं. मला बॅगेत टाकलं, गरज पडली तर असावं म्हणून. बॅग कुंपणाला टांगलेली होती, तिची चेन अर्धी उघडी. पहिल्याच फेरीला पंच म्हणून निनोंग उभे.

त्यांनी तिच्या कमरेकडे बघितलं. ऑपरेशननंतर त्यांना आता लांबूनही स्पष्ट दिसतं. त्यांनी खिशातला रुमाल काढून पुन्हा खिशात ठेवला. मेर्लीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"भरून तयार व्हा," ते म्हणाले. सगळ्यांना म्हणतात तसंच.

तिने भरलं. आणि तिचा हात सरळ म्यानाकडे गेला. घोडा वर चढलेला, आणि हात मी शिकवलेल्या वाटेने खाली निघालेला. अर्ध्या वाटेत तिला आठवलं. थांबून, पिस्तूल पुन्हा समोरच्या मातीच्या बांधाकडे रोखून, शांतपणे उतरवायला हवं होतं. पण निनोंग हातभर अंतरावर बघत होते. तिने तिथेच, घाईत, घामेजल्या अंगठ्याने घोडा धरला आणि चाप ओढला.

गोळी तिच्या पायापासून दोन हातांवर जमिनीत घुसली. धुरळा उडाला.

"थांबा. पिस्तूल रिकामं करा," निनोंग म्हणाले. तिने रिकामं केलं. त्यांनी आत वाकून बघितलं, नियमाप्रमाणे. मग म्हणाले, "तुम्ही स्पर्धेतून बाद आहात."

सेहेचाळीस वर्षांत त्यांनी तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

त्या क्षणी माझ्या मनात आलं, बरं झालं. हा माझा अपराध. ती गोळी तिच्या पायात जाऊ शकली असती. तिची जागा गेली होती, निनोंग कागदावर तिच्या नावापुढे बाद लिहीत होते, आणि मी बॅगेत पडून म्हणालो, आता येईल माझ्याकडे. ती आलीच. बॅगेपाशी येऊन तिने आत हात घातला, माझ्या मुठीवरची ट्यूब चाचपली आणि तशीच उभी राहून रडली. तिची बोटं गार पडली होती. तेव्हा मला माझीच शिसारी आली.

आमच्या क्लबात एक रीत आहे. जो बाद होतो, तो दुपारी सगळ्यांना भात वाढतो. लांब टेबलावर केळीची पानं अंथरतात, मधोमध भात, वर भाजलेले मासे, आणि सगळे उभ्याने हाताने जेवतात. बाद झालेल्याला तोंड लपवून घरी पळता येऊ नये, म्हणून ही रीत. मेर्ली बॅग खांद्याला अडकवूनच वाढत निघाली. ओफेलियाबाई म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याला जरा जास्त वाढ ग. आपल्याच पोरीला बाद करून भूक लागली असेल." कोणी हसलं नाही. बाईंनाही आपलं बोलणं आवडलं नसावं, त्यांनी मान खाली घातली.

ती निनोंगपाशी आली.

"कधी घेतलंस?" त्यांनी विचारलं.

"चार महिने झाले, निनोंग. तुम्ही मनिलाला होतात तेव्हा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"वाटलंच असतं. मग? वाईट वाटून मी काय मरणार होतो?"

ती भाताचं भांडं धरून उभी. ते पानातला मासा उगीच उकलत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तू मनगटाला आइस कँडी बांधून बसायचीस. माझे डोळे गेले होते इंदाय, पण इतके नव्हते गेले. दोन वर्षं बघत होतो. तेव्हाच सांगायला हवं होतं, की हे सोड, जड घे. पण माझं पिस्तूल तुझ्या हातात बघून बरं वाटायचं. म्हणून गप्प बसलो."

"मी परत जुनंच घेते."

"आधी भात वाढ."

जेवणं झाल्यावर ते तिला पिस्तूल हाताळायच्या टेबलाशी घेऊन गेले. तिथे काडतूस न्यायची कोणालाच परवानगी नसते. तिने बॅग टेबलावर ठेवली, त्यामुळे पुढचं मी अगदी जवळून बघितलं. त्यांनी रिकामं पोलादी पिस्तूल तिच्या हातात दिलं, घोडा चढवायला लावला, आणि घोडा जिथे आदळतो त्या फटीत स्वतःच्या करंगळीचं टोक ठेवलं.

"आता उतरव."

"निनोंग, बोट काढा."

"रिकाम्या पिस्तुलाने तुला काही शिकवलं नाही. उतरव."

तिने उतरवलं. दुसऱ्यांदाही नीट. चौथ्या वेळी अंगठा निसटला. टक झालं नाही, कारण मधे बोट होतं. त्यांच्या तोंडून श्वास बाहेर पडला, नखाच्या कडेला रक्त आलं. मेर्ली पिस्तूल खाली ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले, "पुन्हा." आणि बोट तिथेच ठेवलं.

किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. त्यानंतर मात्र एकदाही तिचा अंगठा निसटला नाही.

यंदाची जागा दुसरीला मिळाली. निनोंगचं नख काळं पडलं आणि गळून गेलं, आता नवं येतंय. मी इथे कपाटात असतो, ट्यूब अजून अंगावर आहे. दर शनिवारी मेर्ली मला बाहेर काढते, तेल लावते, आणि पुसता पुसता पुटपुटते, रागावू नकोस हं. मेर्ली, एवढं एक बंद कर. माफी मागायची असेल तर ती मी मागायची आहे. तुझ्या हातात माझ्या नऊ वर्षांची सवय राहिली आहे. ती तुला सोडता यावी, एवढंच मी मागतो, आणि हे मी मनापासून म्हणतो.

काल संध्याकाळी तिचा सराव चालला होता. कपाटाचं दार लोटलेलं होतं. मी कान देऊन पडलो होतो, पूर्वीसारखाच, पण पूर्वी ज्याची वाट बघायचो ते होऊ नये म्हणून. ती प्रत्येक वेळी मोठ्याने आकडा म्हणत होती. शंभरपर्यंत गेली. आकड्यांशिवाय मला काहीच ऐकू आलं नाही.