तेवीस नंबरचा खून

मित्रांनो, लाल कापडी पाठीचा, वाळवीने कोपरे चाखलेला हा हजेरीपट म्हणजे मी. उल्हासनगरात, विठ्ठलवाडीजवळच्या एका खाजगी शाळेत १९८८ साली मी दहावी ‘ब’ची नावे सांभाळत होतो. मुले मला कॅटलॉग म्हणत. मला ते आवडे. जरा साहेबी वाटे.

चौदा नंबरला सरू होती. इतकी लाजाळू, की तिचे ‘हजर’ पुढच्या बाकापलीकडे जात नसे. मग बदलापूरहून येणारा तेवीस नंबरचा पदू ओरडे, “सर, आहे ती!” नाहीतर तिची रोज गैरहजेरीच लागली असती.

जुलैत पदू येईनासा झाला. दहाव्या दिवशी ऑफिसात वर्गशिक्षक विष्णुपंत सरांनी त्याच्या नावावर लाल रेघ ओढली, आणि चंदर शिपायाचा धक्का लागून शाईची बाटली माझ्यावरच उपडी झाली. काय ती माझी दशा! सिंधी क्लार्क चंदरला म्हणाले, “तेईस नंबर को साब ने काट दिया.” मला पुसून लाल झालेल्या हातांनी चंदर वर्गात गेला आणि मराठीत म्हणाला, “तेवीस नंबरला सरांनी कापला!”

मधल्या सुट्टीपर्यंत खून पक्का झाला. कुणी किंकाळी ऐकली होती, कुणी सुरा पाहिला होता. सरू आधी खूप रडली. तिच्यासाठी ओरडणारा तो एकटाच होता. मग डोळे पुसून ती वाकली आणि तिने व्हरांड्यातला लाल थेंब हुंगला. शाई! थेंबांच्या मागोमाग ती थेट ऑफिसात माझ्यापर्यंत पोचली. पदूच्या नावावरची रेघ पाहून पुटपुटली, “म्हणजे नाव कापलंय!”

माझी जूनची दोन पाने शाईने चिकटली होती. तिने फूटपट्टी घालून ती हळूच सोडवली. आत पदूचा रजेचा अर्ज होता: ‘आईचा पाय मोडला आहे. भाताची लावणी उरकून येतो.’ जूनअखेर पदूने तो चंदरकडे दिला होता; चंदरने तो तिथे खोचला आणि विसरला. सर उघडत ते जुलैचे पान. पुरावा माझ्याच पोटात होता, मित्रांनो. मला फार लाज वाटली.

पण नाव गेले तर पदूचे दहावीचे वर्ष बुडणार होते. सरू मला छातीशी धरून शिक्षकांच्या खोलीत गेली. ती काहीतरी पुटपुटली.

“काय गं? मोठ्याने बोल,” सर म्हणाले.

“सर, आहे तो! अर्ज दिलाय त्याने!”

सर इतके दचकले, की माझ्यावर चहाही सांडला. अर्ज वाचून त्यांनी रेघेशेजारी ‘रेघ रद्द’ लिहिले आणि सही केली.

सोमवारी पदू दारात दिसताच पोरे किंचाळली, “भूत!”

“आरं, मी कवा मेलो?” पदू म्हणाला.

हजेरी सुरू झाली. चौदा नंबर येताच त्याने सवयीने तोंड उघडले आणि ते तसेच राहिले, कारण सरूचे ‘हजर’ शेवटच्या बाकापर्यंत पोचले होते.

आता मी अडगळीत आहे. माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. पण मित्रांनो, कुणाच्या नावावर रेघ ओढण्याआधी मागचे पान उलटून बघा. आणि शेजारचे कुणी हळू बोलत असेल, तर त्याच्यासाठी एकदा जोरात ओरडा, “सर, आहे तो!”