गोदीजवळचा गाळ

समुद्राच्या तळाच्या गाळात शिसं, पारा असले धातू किती आहेत, हे मोजणं ताईचं काम. प्रयोगशाळेत सगळे तिला मॅडम म्हणत; ताई ती फक्त बारक्याची, धाकट्या भावाची. वडील गेल्यावर आईच्या जोडीने तिनेच त्याला वाढवलं. त्याचं शाळेत मन रमेना, तेव्हा साहेबांकडे शब्द टाकून तिने त्याला प्रयोगशाळेच्या होडीवर लावलं. ठरलेल्या जागी लोखंडी जबडा पाण्यात सोडायचा, वर आलेला गाळ डब्यात भरून आणायचा. मदतनीस तो वाळवून, कुटून ताईला पूड द्यायचा आणि ताई ती आम्लात विरघळवून यंत्रावर मोजायची.

जुन्या गोदीत जहाजांचा रंग खरवडतात. तिथे आधी शिसं बरंच निघालं होतं. पुढे एकदम उतरलं. ताई हरखून गेली. किनाऱ्यावरच्या बायका शिंपले काढून विकत. त्यांच्या सभेत तिने सांगून टाकलं, की बिनधास्त खा, पोरांनाही घाला.

मग मदतनीस आजारी पडला आणि गोदीचा डबा तिने स्वतःच उघडला. आत स्वच्छ करडी वाळू होती. गोदीतला गाळ काळा, चिकट, नाक धरायला लावणारा. धातू धरून ठेवतो तो असलाच गाळ. वाळूत काय टिकणार? डबे बदलले असतील असं समजून ती बारक्याच्या होडीत जाऊन बसली. इंजिन कुरकुर करतंय, असं म्हणत त्याने टाळून पाहिलं. ती उठली नाही.

गोदीजवळ जबडा वर आला तो काळ्याभोर गाळाने भरून. बारक्या खाली मान घालून दोर गुंडाळू लागला.

"इतके दिवस कुठून आणत होतास?" तिने विचारलं.

"खडकापलीकडून." दोराची गाठ ओढत तो म्हणाला, "तूच जेवताना म्हणालीस ना, पुन्हा एवढं शिसं निघालं तर शिंपले बंद करावे लागतील. माझी सासुरवाडी त्याच्यावरच जगते, ताई."

"मला सांगायचं होतंस."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं," ती म्हणाली. "म्हणून माझ्याच तोंडून खोटं वदवलंस."

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ताईने सगळं सांगितलं तरी तिचे हात थांबले नाहीत. "एवढं ताणू नकोस," ती म्हणाली. "तू जिवाला लावून घेतेस, म्हणून तर आम्ही बोललो नाही."

आम्ही. शिसं उतरल्याचं ताई उत्साहाने सांगायची, तेव्हा आई आणि बारक्या, याच दोघांनी मान डोलवत तिला आग्रहाने वाढलं होतं.

ताईने गाळ पुन्हा आणवला, मोजला आणि आधीचे आकडे खोटे असल्याचं साहेबांना कळवलं. शिंपले काढणं बंद झालं, बारक्याची नोकरीही गेली. पुन्हा त्याच बायकांसमोर उभं राहून तिने आपला शब्द मागे घेतला. कुणी आरडाओरडा केला नाही. एकीने एवढंच म्हटलं, "मॅडम, तुमच्यावर विसंबून पोरांना घातलं हो." ताईला वर बघवेना.

तिने खटपट करून मुलांच्या रक्ताची तपासणी ठेवली. बारक्याची बायको माहेरची पोरं घेऊन आली. स्वतःची मुलगी मात्र तिने आणली नव्हती. ताईने कारण विचारलं.

"तिला कशाला?" भावजय सहज म्हणाली. "आमच्याकडे शिंपले कधीचे बंद आहेत. ह्यांनीच बंद केले. म्हणाले, तिला पचत नाहीत."

बोलता बोलता ती थांबली. समोर तिच्या भावाचा मुलगा बाही वर करून बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग ताईकडे.

"माझ्या माहेरी नाही सांगितलं त्यांनी," ती म्हणाली.

सरकून ताईने बाकावर तिला जागा करून दिली. भावजय बसली आणि तिने भाच्याचा मोकळा हात घट्ट धरला. त्या दिवशी ती बारक्याकडे परत गेली ती फक्त मुलीला आणायला.