ओट्याखालचा व्हॉल्व्ह

शहागडजवळच्या त्या गावात पोळ्यापासून नळाला लाल पाणी येत होतं. उषाबाईचा नवरा कडूबा ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा. त्यामुळे शिव्या तिच्या दारात यायच्या.

कडूबानं सगळ्यांना सांगून पाहिलं होतं. पाणी आठवड्यातून एकदा सुटायचं. तोवर जुन्या लोखंडी पाइपात गंज न् गाळ तळाला बसायचा आणि पाणी सोडलं की उसळून नळात यायचा. लाइनीच्या शेवटी गाळ काढायचा व्हॉल्व्ह होता. तो उघडून आधी घाण वाहू दिली, की भागलं असतं. पण त्याच्यावरच बद्रीनाथनं दुकानाचा ओटा बांधला होता, आणि सरपंच त्याचा चुलतभाऊ.

एकदा चौकातल्या नळावर बाया भांडायला उठल्या, तेव्हा कडूबा बोलून गेला, "बद्रीभाऊचा ओटा फोडा, मंग बघा पाणी."

बद्रीनाथ दुकानातून खाली उतरला. "पाणी तू नासवून राह्यला अन् ओटा माझा फोडायचा? पी आता हेच. उषाबाई, तूच भर तांब्या."

तिनं भरला. गाळ खाली बसावा म्हणून तांब्या हातात स्थिर धरून ती उगीच पदर सावरत राहिली. बद्रीनाथच्या ते लक्षात आलं. त्यानं तांब्या घेतला, गरागरा हलवला आणि परत तिच्याच हातात दिला. बाया हसल्या. तिच्याबरोबर कापूस वेचायला येणारी सुरेखाही हसली.

कडूबानं खाली मान घालून तांब्या रिकामा केला.

मग ती रीतच पडली. पाणी सुटलं की आधी कडूबा पिणार, मग गाव भरणार. तो घरामागं जाऊन ओकायचा.

"सोडा हे काम," ती म्हणायची.

"सोडलं तर म्हणतील, ह्यानंच पाणी नासवलं."

दिवाळीनंतर त्यानं अंथरूण धरलं. डोळे पिवळे झाले. पाणी सोडायला उषाबाई गेली. चौकात हंडे लागले होते, पण कुणी भरेना.

"उषे, ते न्हाईत तर तू पी," सुरेखा म्हणाली. "जल्दी कर, लोकं थांबलेत."

उषाबाईनं बद्रीनाथकडं पाहिलं. तो गिऱ्हाइकाला डाळ जोखत होता. त्यानं मानही वर केली नाही. तिनं तांब्या तोंडाला लावला. विळ्याचं पातं चाटावं तशी चव. शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत सुरेखानं तिला कोपरानं बाजूला सारलं आणि नळाखाली हंडा लावला.