रखमाजींच्या दहाव्याचा सारांश

भाषण या प्रकाराचा मला मनापासून राग आहे. घरी दोन शब्दांत चहा मागणारा माणूस माईकसमोर उभा राहिला की 'या ठिकाणी' आणि 'त्या निमित्तानं' करत पाऊण तास खातो. त्यामुळे केंद्रावरच्या शिक्षक-प्रशिक्षणात जेव्हा सांगितलं की मुलांना ऐकलेल्या भाषणाचा सारांश काढता आला पाहिजे, बोलणाऱ्याचं म्हणणं काय आणि त्याला आधार काय दिला हे वेगळं करता आलं पाहिजे, तेव्हा नोकरीच्या एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच वरून आलेली एखादी गोष्ट मला पटली.

मी शगुफ्ता. राहायला भोरला, शाळा वेल्ह्याच्या अंगाला तोरण्याखालच्या एका वाडीत. रोज नसरापूरवरून स्कूटी हाणत जाते. पट सात. मी मुलांना वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे म्हणणं, उजवीकडे आधार. नियम एकच ठेवला. आधार दिला नसेल तर जागा रिकामी सोडायची, पदरचं काही घालायचं नाही.

आता सरावाला वक्ते कुठून आणायचे? माझं बोलणं मुलांना पाठ आहे. मोबाईलवर भाषण लावावं तर वाडीत रेंज नाही, वक्ता तोंड उघडून तसाच थांबतो. शेवटी सहावीतली अश्विनी म्हणाली, "बाई, परवा रखमाजी आज्ज्यांचा दहावा हाय. लई भाषणं व्हत्यात."

मी आधी तिला झापलं. मग विचार केला, पोरगी खोटं काय बोलली? आमच्या भागात माणूस जन्मात एकदाही स्टेजवर चढलेला नसो, त्याच्या दहाव्याला त्याच्यावर दहा जण बोलतात. वाडी सगळी जाणारच होती, शाळेत उरणार होते मी आणि फळा. हालचाल रजिस्टरात 'क्षेत्रभेट' असं लिहिलं आणि मोकळी झाले.

रखमाजी म्हणजे आमच्या रतनबाईंचे मालक. रतनबाई चौदा वर्षं शाळेची खिचडी शिजवतात, आणि त्यांचं घर शाळेच्या भिंतीला लागून आहे. सुतकात त्यांना येता येईना म्हणून ते दिवस खिचडी मी केली. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

रखमाजी गेल्याच्या चौथ्या दिवशी रतनबाईंनी मला भिंतीवरूनच हाक मारली होती. म्हणाल्या, पोरांनी आणि भावकीनं ठरवलंय. तेरावा झाला की घराला कुलूप. सहा महिने थोरल्या हनुमंताकडे नसरापूरला, सहा महिने धाकट्या सोमनाथकडे उत्रोलीला.

"तुम्हाला विचारलं का?" मी म्हटलं.

"मला कशाला इचारत्यात? गाटोडं कुटं ठिवायचं ते गाटोड्याला इचारत्यात व्हय?"

"पण तुमच्या मनात काय आहे?"

"म्या माज्या घरात ऱ्हानार. पन बोलू कुनाम्होरं, बाई?"

माझं डोकं असं सणकलं की त्याच पावली जाऊन हनुमंताला धरावं. पण दुसऱ्याच्या भावकीत भोरच्या मास्तरणीनं तोंड घालायचं म्हणजे उद्या बदलीचा अर्ज. मी गप्प बसले. त्याची लाज अजून वाटते.

तर दहाव्याला आम्ही नदीकाठी पोचलो. मंडप, माईक, दोनशे माणसं. माझी सातही मुलं पुढच्या सतरंजीवर वह्या काढून बसली. सूत्रसंचालन चिमाजींकडे होतं. हे माजी सरपंच आहेत आणि तालुक्यातला एकही दहावा त्यांच्याशिवाय पार पडत नाही. वह्या पाहून ते माईकवर गदगदून म्हणाले, "बघा, शाळेची लेकरंसुद्धा आठवणी टिपून घेत्यात." मी मान खाली घातली.

पहिले बोलले मानसिंगराव, तालुक्याचे पुढारी. त्यांचा त्या दिवसातला हा तिसरा दहावा. त्यांनी सांगितलं की रखमाजी हे कुस्तीचे आश्रयदाते होते, शिक्षणाचे पुरस्कर्ते होते, आणि त्यांच्या जाण्यानं कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. रखमाजींनी उभ्या आयुष्यात एक म्हैस आणि एक बिडी सोडून कशालाही आश्रय दिला नव्हता.

अश्विनी माझ्या कानाशी आली. "बाई, पोकळी म्हणण्यात घालू का आधारात?"

मी कुजबुजले, "म्हणण्यात."

दुसऱ्या वक्त्यालाही पोकळी दिसली. तिसऱ्यालाही दिसली. सहाव्याला मुलांनी लिहिणं सोडून दिलं आणि पोकळीपुढे नुसत्या काड्या मारायला लागली. शेवटी हनुमंत आणि सोमनाथ बोलले. हनुमंत म्हणाला, आईला फुलासारखी जपीन. सोमनाथ म्हणाला, आईला काय कमी पडू देणार नाही. बायकांच्या घोळक्यात रतनबाई डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

मग वर वडा घालून पिंड ठेवला आणि सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहिले.

कावळा होता. समोरच्या जांभळीवर बसला होता. एकदा खाली आला, पिंडाभोवती एक फेरी मारली, तहसिलातले साहेब अर्ज बघतात तसं वरवर पाहिलं आणि परत फांदीवर गेला. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग ती पुरी करायचा शब्द द्यावा लागतो. हनुमंतानं हात जोडून शब्द दिला. सोमनाथनं दिला. चुलत्यांनी बांधावरचं भांडण मिटवायचा शब्द दिला. अर्धा तास झाला. कावळ्यानं चोच फांदीला घासली.

लोकांना भुका लागल्या होत्या. मानसिंगरावांनी घड्याळ बघितलं आणि घाटावर पत्र्याची शेड देण्याचा शब्द दिला. कावळा हलला नाही. त्यांनी शेडला पंखे लावले. मुक्कामी एसटी दिली. रेंजचा टॉवर दिला. वाडीला वीस वर्षं मागून जे मिळालं नव्हतं ते सगळं त्या कावळ्याला दहा मिनिटांत मिळालं, पण पठ्ठ्या ढिम्म.

विधी करणाऱ्या गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववायला घेतला, तशा रतनबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "थांबा. गवताचा कावळा नगं माज्या मानसाला." गुरुजी थांबले.

तेवढ्यात चिमाजींची नजर वह्यांवर गेली. "पोरांनी समदं लिवलंय," ते म्हणाले. "आपल्याकडनं कुनाचा तरी सबूद ऱ्हायला आसंल. वाच गं पोरी, म्हंजी कळंल."

मी नको म्हणायच्या आत अश्विनीच्या हातात माईक गेला होता. तिनं शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं. "वक्ता, मानसिंगराव साहेब. म्हणणं, रखमाजी कुस्तीचे आश्रयदाते होते. आधार, दिला नाही. म्हणणं, पोकळी. आधार, दिला नाही. वक्ता, चिमाजी आज्जे. म्हणणं, पोकळी. आधार, दिला नाही." असे तिनं अकरा वक्ते वाचले. चिमाजींनी घाबरून दुसऱ्या पोराची वही मागितली. त्यात तेच होतं. सातही वह्या तपासल्या. काड्यासुद्धा जुळल्या.

आणि मग जे व्हायला नको होतं ते झालं. सगळ्यांना एकदम असं वाटलं की कावळा आधारासाठीच अडून बसलाय.

अश्विनीपुढे रांग लागली. रेशनला लागते तशी, ढकलाढकलीची. "माजा आधार लिव!" "आधी माजा!" एकानं सांगितलं की रखमाजींनी जत्रेत तो कुस्ती खेळेपर्यंत त्याचं धोतर सांभाळलं होतं, म्हणजे आश्रयदाते. मानसिंगरावांनी मोबाईलमध्ये शोधून रखमाजींबरोबरचा फोटो दाखवला.

अश्विनीनं नीट पाहिलं. "साहेब, हे आमचं आज्जे न्हाईत."

"फेटा तर तोच आहे."

"फेटा आधार व्हतो का, बाई?"

"होत नाही," मी म्हटलं. आता बदली झाली तरी चालेल असं मला वाटायला लागलं होतं.

हनुमंत रांग मोडून पुढे आला. "लिव, माज्या घरी गिझर हाय."

"माज्याकडं कमोड हाय!" सोमनाथ मागून ओरडला. "आईचं गुडघं दुकत्यात. गिझरवर बसनार हाय का ती?"

अश्विनी माझ्याकडे बघायला लागली. "बाई, फुलासारखं जपीन, याला गिझर चालंल का?"

"फुलाला गिझर लागत नाही," मी म्हटलं. माणसं हसली. दहाव्याला हसू नये, पण हसली.

त्या हसण्यातच रतनबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकत पुढे आल्या आणि रांग आपोआप बाजूला झाली.

"पोरी," त्या म्हणाल्या, "माजं काय लिवलंयस?"

अश्विनीनं पानं चाळली, पुढून, मागून. तिचं तोंड उतरलं. "तुमचं पान न्हाई, आज्जी. तुमी बोललाच न्हाई."

"व्हय," रतनबाई म्हणाल्या. "मला कुनी इचारलंच न्हाई."

त्यांनी माईक हातात घेतला. तो कसा धरतात ते ठाऊक नसल्यानं तो लाटण्यासारखा आडवा धरला. "म्या कुटं जायची न्हाई. न्हाई नसरापूरला, न्हाई उत्रोलीला. म्या माज्या घरात ऱ्हानार."

अश्विनीनं लिहिलं. मग सवयीनं विचारलं, "आधार, आज्जी?"

"बावन्न वर्सं त्या चुलीम्होरं बसलीया. पाऊस लागला की छप्पर कुटं गळतं ते मला म्हाईत हाय, ह्यास्नी न्हाई. म्हस माज्याबिगर दुसऱ्याला हात लावू देत न्हाई. हनुमंताला लाथ मारलीया, त्याच्या नडगीवर डाग हाय, बगा. आन शाळंची सात पोरं माज्या हातचं खात्यात. ह्या दिसांत बाईंच्या हातचं खाऊन दोगं आजारी पडली."

दोनशे माणसांनी माझ्याकडे पाहिलं.

"एकच," मी म्हटलं.

अश्विनीनं दोन खोडून एक केलं. हनुमंताचा हात नकळत नडगीकडे गेला होता. तेही तिनं लिहिलं.

"शिवला!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे वळले. पिंड विस्कटला होता, वरचा वडा गायब होता आणि कावळा नदीपार निघाला होता. पण शिवताना त्याला एकानंही पाहिलं नव्हतं.

मग तर जी जुंपली! मानसिंगराव म्हणाले, शेडच्या शब्दावर शिवला. चुलते म्हणाले, बांधावर. सोमनाथ कमोड सोडेना. चिमाजी अश्विनीपुढे अक्षरशः वाकले. "पोरी, कशावर शिवला त्येवडं लिव. समद्यांचा मान ऱ्हाईल असं काईतरी लिव."

"म्या बगितलं न्हाई," अश्विनी म्हणाली. "म्या आज्जीकडं बगत व्हते."

तिनं दुसऱ्या मुलांकडे पाहिलं. सातही जणांनी माना हलवल्या. सगळीच आज्जीकडं बघत होती. कावळ्याच्या नावापुढची दोन्ही घरं तिनं रिकामी सोडली. मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि लोकांना वाटलं मी रखमाजींसाठी रडतेय.

मानसिंगराव चौथ्या दहाव्याला निघून गेले. पंगतीची हाक आली, माणसं पत्रावळीकडे पळाली. हनुमंतही निघाला होता.

"हनुमंता," रतनबाई म्हणाल्या. "चावी दे."

"कसली, आई?"

"घराची. सकाळी निगताना कुलूप घालून खिशात टाकलीस, ती."

हनुमंतानं सोमनाथकडे पाहिलं. सोमनाथ नदीकडे बघू लागला. "आई, हितं नगं," हनुमंत हळूच म्हणाला. "आपुन घरी बसून बोलू. तुज्या भल्याचंच हाय."

अश्विनीनं नवं पान काढलं. मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं, 'आईच्या भल्याचंच आहे.' मग पेन्सिल उजव्या बाजूला नेली, कागदावर टेकवली आणि हनुमंताच्या तोंडाकडे बघत थांबली. तिच्यामागे आणखी सहा पेन्सिली थांबल्या.

हनुमंतानं सातही पेन्सिलींवरून नजर फिरवली. मग खिशात हात घातला आणि चावी आईच्या हातावर ठेवली.