थाळी सदोष, असं वहीत लिहिलंय

मी थाळी बोलतेय. जेवायची नव्हे, तेव्हा लगेच हात धुऊन बसू नका. अर्थात धुतले असतील तर उत्तमच, माझ्याजवळ येणाऱ्यानं ते धुवावेतच. मी गोळ्या मोजायची थाळी. दवाखान्याच्या औषध विभागात, काउंटरच्या पलीकडे, तुम्हाला कधी न दिसणारी. रांगेत उभं राहून तुम्ही कपाळाला आठ्या घालता आणि म्हणता, आत खाली मान घालून झोपलेत की काय सगळे. झोपलेले नसतात हो. माझ्यावर तुमच्या गोळ्या मोजत असतात. निदान मोजायला हव्यात.

रूपानं मी काही अप्सरा नाही. मोठ्या वहीएवढं पोलादी अंग, एका कडेला झाकणाची पन्हळ आणि समोरच्या कोपऱ्याला चोच. बाटली माझ्यावर ओतायची, चपट्या पट्टीनं पाच-पाच गोळ्या पन्हळीत सारायच्या. झाकण लावायचं. उरलेल्या गोळ्या चोचीतून परत त्याच बाटलीत सोडायच्या आणि मग पन्हळीतल्या रोग्याच्या पाकिटात. झालं शास्त्र. एवढ्याशा गोष्टीला काय शिकायचं, असं ज्यानं म्हणून म्हटलं त्यानं पहिल्याच दिवशी उरलेल्या गोळ्या पाकिटात आणि मोजलेल्या परत बाटलीत घातल्या. प्रत्येकानं. न चुकता ही चूक.

माझा जन्म एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. आम्ही बारा बहिणी एकाच पत्र्यातून निघालो. एकीची चोच नीट वळली नाही, तिचं कारखान्याच्या मोरीत साबणाचं तबक झालं. तेव्हाच कळलं, या जगात जागा गुणांवर मिळते असं म्हणतात, पण एक कोपरा वाकडा असला की सगळं शिक्षण साबणाखाली जातं.

माझं शिक्षण म्हणाल तर मला कुणी पाटीवर धुळाक्षरं गिरवून दिली नाहीत. गोळ्या अंगावरून सरकत गेल्या आणि मी शिकत गेले. कोणती घरंगळते, कोणती चिकटते, कोणती मागे कडू भुकटी ठेवून जाते, हे मला भिंतीवरच्या कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त कळतं. गर्व म्हणा हवं तर. गर्व करण्याजोगं काही असलं म्हणजे तो शोभतो.

माझा पहिला धनी म्हातारा कंपाउंडर. बोटं वाळक्या काटकीसारखी, पण मोजणी अशी की पाच म्हणजे पाचच. दोन औषधांमध्ये मला स्पिरिटनं पुसल्याशिवाय तो पुढची बाटली उघडत नसे. त्याचे नियम तीन. हात धू, थाळी पूस, तोंड बंद ठेव. बोलत मोजलं की आकडा चुकतो, म्हणून तिसरा नियम. पण म्हातारा तो नियम सगळीकडेच पाळायचा, आणि तिथेच घोटाळा झाला.

कारण एके दिवशी साहेब आले. नवे, तरुण, इस्त्रीच्या घडीसारखे. पहिल्याच दिवशी त्यांनी उरलेल्या गोळ्या पाकिटात ओतल्या, तशा सगळेच ओततात. साहेब वळून कुणाशी तरी बोलत होते, तेवढ्यात म्हाताऱ्यानं पाकीट रिकामं करून पुन्हा मोजून भरलं. तोंड बंद. साहेबांना पत्ताच लागला नाही. बिचारे तेव्हापासून मनापासून समजून आहेत की आपण कधीच चुकलो नाही. त्या दुपारी त्यांना आपलं प्रमाणपत्र भिंतीला लावायचं होतं. हातोडी सापडेना, म्हणून त्यांनी मला उचललं आणि माझ्या पाठीनं खिळा ठोकला. चोचीजवळ पोचा आला. प्रमाणपत्र मात्र अगदी सरळ लागलं.

म्हातारा गेला, साहेब मोठे झाले, आणि मला स्पिरिट सणासुदीसारखं मिळू लागलं.

बाटलीबाई आमच्याकडे बारा वर्षं मापाचे ग्लास आणि बाटल्या धुवायची. नाव साहेबांनीच ठेवलेलं. बाईला नावं ठेवणं सोपं असतं, काम देणं अवघड. मोरीशी उभी राहून ती बाटल्यांवरची लेबलं वाचायची. वाचून वाचून तिला अर्धं कपाट पाठ झालं. सेहेचाळिसाव्या वर्षी तिनं औषध विभागाच्या मदतनिसाच्या प्रशिक्षणाचा अर्ज भरला. तिची नणंद म्हणाली म्हणे, की वहिनी, आता शाळेतल्या पोरांसारखी गळ्यात पाण्याची बाटलीही अडकवा. बाटलीबाईनं उत्तर दिलं, की अडकवीन, बाटल्यांची मला सवयच आहे.

प्रशिक्षण म्हणजे हजार तासांचं काम आणि एक निळी वही. रोजच्या कामाची नोंद, खाली साहेबांची सही. शेवटच्या पानावरही सही झाली तर परीक्षेला बसायचं, नाही तर वर्ष वाया आणि परत मोरी. सगळं त्या एका सहीवर.

पहिल्या दिवशी तीही चुकली. पण तिचं तिलाच कळलं. पाकिटाकडे बघून म्हणाली, "हे जड कसं लागतंय?" आणि सगळं परत माझ्यावर ओतलं. मला ती तिथेच आवडली. पुढे ती मला दर औषधानंतर पुसू लागली. साहेब म्हणायचे, बाटलीबाईला अजून धुण्याची सवय जात नाही. तिला एक खोड होती, प्रत्येक गोळी पट्टीनं उलटून पाहायची. साहेबांनी तिला गोळ्यांचं लग्न जुळवतेस का म्हणून विचारलं. ती म्हणाली, नुसतं तोंड बघून लग्न जुळवलं म्हणजे काय होतं ते मला ठाऊक आहे.

वही भरत आली. शेवटची सही शुक्रवारी व्हायची होती, आणि हे झालं गुरुवारी.

सकाळी गर्दी होती. साहेबांनी वेळ वाचवायला दोन बाटल्या एकदम उघडल्या. एक रक्तदाबाच्या गोळ्यांची, एक रक्तातली साखर उतरवणाऱ्या गोळ्यांची. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल. रक्तदाबाच्या गोळीला मधोमध रेघ, साखरेची कोरी, एवढाच फरक. कुणाला तरी साखरेच्या तीस मोजून दिल्या आणि उरलेल्या चोचीतून सोडल्या. रक्तदाबाच्या बाटलीत. तोंडानं गोष्ट चालू होती, पूर्वी एक मोठा डॉक्टर आपल्यालाच सल्ला विचारायला यायचा त्याची. मी खणकन वाजले. पण थाळीच्या वाजण्याकडे कोण लक्ष देतो.

मग साहेब बैठकीला गेले.

दुपारी बाटलीबाईनं रक्तदाबाची बाटली माझ्यावर ओतली. पाच, दहा, पंधरा, आणि पट्टी थांबली. एका गोळीला रेघ नव्हती. तिनं उलटली, दुसऱ्या बाजूलाही नव्हती. मग तिनं सगळी बाटलीच निवडायला घेतली. नऊ परक्या निघाल्या. साखरेच्या बाटलीतल्या घेऊन शेजारी ठेवल्या, हुबेहूब त्याच. सकाळपासून त्या बाटलीतून आणखी कुणाला दिल्या, ते तिनं नोंदीत पाहिलं. एकच नाव होतं, शाळेची गाडी चालवणाऱ्या काकांचं.

साखरेचा आजार नसलेल्या माणसानं ती गोळी घेतली तर घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि हा माणूस वीस पोरांना घेऊन रस्त्यावर.

रोग्याला फोन करायचा अधिकार फक्त साहेबांना. शिकाऊ माणसानं केला तर वहीत लाल शेरा. तिनं साहेबांना सहा वेळा फोन लावला, बंद. सातव्यांदा तिनं काकांना लावला.

काका गोळी गोळीच असते म्हणाले. आताच जेवलोय, घेणार होतो, आणि तासाभरात गाडी काढायचीय.

"घेऊ नका," बाटलीबाई म्हणाली. "आधी मला सांगा, मधे रेघ आहे?"

"बाई, मी चष्मा गाडीत ठेवलाय."

"मग चष्मा आणा. मी थांबते."

ती थांबली. मला पट्टीनं हळूहळू ठोकत थांबली. काका फोनवर परत आले. तिसातल्या तीन कोऱ्या होत्या. ती म्हणाली, पाकीट घेऊन तसेच या, बदलून देते.

साहेब आणि काका मागेपुढेच आले. नऊ गोळ्या माझ्यावर ओळीत मांडलेल्या. काका सांगत होते की या बाईंनी वाचवलं. साहेबांनी परिस्थिती ओळखली आणि काकांना म्हणाले, आमच्याकडे अशी फेरतपासणी नेहमीच असते. काका हात जोडून गेले.

मग साहेबांनी विचारलं, "मोजल्या कुणी?"

"सकाळी मी लेबलं लावत होते, साहेब. मोजत तुम्ही होतात."

"आणि फोन करायचा अधिकार तुला कुणी दिला?"

"कुणीच नाही. म्हणून आधी तुम्हाला सहा वेळा केला."

साहेबांनी चुकांची वही काढली. काय झालं, कारण, उपाय, असे तीन रकाने असतात तिच्यात. मग त्यांनी मला उचललं, उजेडात धरलं, आणि त्यांना तो पोचा सापडला. "ही बघ, चोच वाकडी झालीय. गोळ्या भलतीकडे जातात. कारणाच्या रकान्यात लिही, थाळी सदोष. तुझं अक्षर चांगलं आहे." आणि ड्रॉवरमधून तिची निळी वही काढून शेजारी ठेवली, शेवटचं पान उघडून. पेनाचं टोपण काढलं. बाकी एक शब्द बोलले नाहीत. मोठी माणसं फार मोजकं बोलतात.

बाटलीबाईनं एकदा निळ्या वहीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी वाट पाहत होते, की आता ही खिळ्याचं नाव घेईल. पण तिला खिळा कुठला माहीत. ती माहिती असणारा म्हातारा तोंड बंद ठेवून गेला होता.

"लिहिते," ती म्हणाली. "पण मग उपायही मीच लिहिणार."

तिनं लिहिलं, थाळी सदोष. माझ्या नावावर, सुवाच्य अक्षरात. आणि उपायाच्या रकान्यात लिहिलं, एका वेळी एकच बाटली उघडी ठेवायची. उरलेल्या गोळ्या बाटलीत परत जाण्याआधी दुसऱ्यानं पाहायच्या, मोजणारा कुणीही असो. 'कुणीही असो' खाली तिनं पट्टी ठेवून रेघ मारली. साहेबांनी ते दोनदा वाचलं. ती रेघ त्यांना बरोबर दिसली. नाइलाजानं त्यांनी दोन्ही वह्यांवर सही केली.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. ज्या बाईला मी पाच-पाच शिकवलं तिनं माझ्यावर ठपका ठेवला. अजूनही मी तिला सगळं माफ केलेलं नाही. सहीसाठी खोटं लिहिलं ते लिहिलंच. पण एक कबूल करते. साहेबांचं नाव लिहिलं असतं तर साहेब बदलले नसते, फक्त तिची बदली झाली असती, मोरीवर. आता रोज साहेबांना उरलेल्या गोळ्या दुसऱ्या कुणाला दाखवाव्या लागतात. बहुतेक वेळा तिलाच.

तो नियम पुढे वरच्यांना इतका आवडला की साहेबांना त्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. जुन्या प्रमाणपत्राशेजारी तेही लागलं. या वेळी खिळा कशानं ठोकला कोण जाणे. मी तिथे नव्हते.

कारण माझ्या पाठीवर 'सदोष' अशी चिठ्ठी चिकटवून मला बाद केलं होतं, आणि माझ्या जागी निळी प्लास्टिकची एक ठकी आली. मला वाटलं, आता साबण. पण बाटलीबाई परीक्षा पास झाली, तिच्या छातीवर नावाची पट्टी आली, आणि पहिल्याच आठवड्यात तिनं मला भंगारातून उचलून मागच्या खोलीत नेलं. तिथे नवे शिकाऊ माझ्यावर शर्टाची बटणं मोजून शिकतात. दोन भोकांची आणि चार भोकांची, दोन्ही पांढरी. निवड तिचीच.

परवा एक नवी मुलगी आली. साहेबांची भाची. चिठ्ठी वाचून म्हणाली, मावशी, ही तर सदोष आहे.

"हो. म्हणूनच हिच्यावर शिकायचं. बिनचूक थाळीवर माणूस डोळे मिटून मोजतो."

मुलीनं मोजलं, झाकण लावलं, आणि उरलेली बटणं पाकिटात ओतली. बाटलीबाईनं पाकीट तिच्यापुढे धरलं. "चुकलीस. कुठे, ते तूच सांग."

मुलगी लाल झाली. "मामा म्हणतात, ते पहिल्या दिवशीसुद्धा चुकले नव्हते."

"चुकले तरी त्यांना कुणी सांगितलं नसेल," बाटलीबाई सहज म्हणाली. "तुला मी सांगतेय. ओत परत."

तिला ठाऊक नव्हतं, पण तिचा नेम बरोबर बसला. म्हाताऱ्याला तिनं कधी पाहिलं नाही, तरी त्याचे नियम मी रोज ऐकते तिच्या तोंडून, फक्त तिसरा तिचा वेगळा आहे. हात धू, थाळी पूस, चुकलं की तोंड उघड.

तुम्हालाही तेच सांगणं आहे. घरी गेल्यावर पाकीट उघडा, चष्मा लावा, गोळ्या उलटून पाहा. एखादी परकी दिसली तर गोळी गोळीच असते असं म्हणू नका. न घेता परत या आणि काउंटरवर मोठ्यानं विचारा. आतल्या माणसाला राग येईल. येऊ द्या, रागानं कुणाला चक्कर येत नाही.

आणि माझी चिठ्ठी. ती नेमकी त्या पोच्यावरच चिकटवलीय. स्पिरिटनं रोज पुसून तिचा एक कोपरा सुटलाय. खाली खिळ्याच्या डोक्याचा ठसा आहे, गोल, गोळीएवढा. साहेबांची भाची मला पुसताना काल तिथे थांबली, बोट फिरवलं आणि म्हणाली, "मावशी, इथे कुणी खिळा ठोकलाय का?"

बाटलीबाईनं मला उचलून उजेडात धरलं. मग तिनं दारातून पलीकडे, साहेबांच्या प्रमाणपत्रांच्या भिंतीकडे पाहिलं.