होल्डरातला भरलेला ग्लास

भावाने पत्त्यांचं टेबल बनवून द्यायचं कबूल केलं, तेव्हा तिने त्याला एकच अट घातली होती. ग्लास ठेवायला खोलगट जागा हवी. दर रविवारी कुणी ना कुणी हिरव्या कापडावर सरबत सांडायचं, आणि डाग घासायला शेवटी तीच. भाऊ सुतार, त्यातून हौशी. त्याने टेबलाच्या कडेला प्रत्येकाच्या उजव्या हाताशी एकेक खोल स्टीलची वाटी बसवली आणि ऐटीत सांगितलं, "ताई, याला कपहोल्डर म्हणतात. आता भूकंप झाला तरी थेंब सांडायचा नाही."

तेव्हापासून घरात नियमच झाला. ग्लास एक तर हातात, नाहीतर होल्डरात. कापडावर टेकवला की पुढचा चहा त्याने करायचा.

रविवारची जेवणं आटोपली की चौघे बसायचे. तिचा नवरा, तिचा भाऊ, कोपऱ्यावरचा केमिस्ट, आणि बस डेपोतले साहेब. कुठली गाडी कुणी चालवायची हे साहेब ठरवायचे, आणि नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर. पैसे लावायचे नाहीत, प्लॅस्टिकच्या चिप्सवरच सगळी श्रीमंती. हातात काही नसताना असल्याचा आव आणायचा, म्हणजे पोकर, एवढंच तिला कळायचं. त्यात एवढं रंगण्यासारखं काय आहे, हे मात्र कधीच कळलं नाही.

गेले काही महिने ग्लास गोळा करताना तिला एकच दिसायचं. नवऱ्याचा ग्लास होल्डरात जसाच्या तसा, काठोकाठ. टेबलावर तो त्याला शिवतसुद्धा नसे. सगळे गेले की स्वयंपाकघरात यायचा, तिच्याकडे पाठ करायचा आणि भांडं दोन्ही हातांनी धरून घटाघटा पाणी प्यायचा. सकाळी युनिफॉर्मची बटणं तिच्याकडून लावून घ्यायचा. "तुझ्या हातची नीट बसतात," म्हणायचा. लाड कसले डोंबलाचे! त्याचा उजवा हात थरथरत होता, आणि दर आठवड्याला थोडा जास्तच.

"डॉक्टरला दाखवू या," ती एकदा म्हणाली होती. तो असा खेकसला, की ती दोन पावलं मागे सरली.

"थकवा आहे, दुसरं काही नाही. इतकी वर्षं गाडी हाकली, साधा ओरखडा नाही माझ्या नावावर. कुणाजवळ बोललीस तर याद राख."

ती नाही बोलली. तो बाहेर पडला की दुपारपर्यंत तिचा जीव टांगणीला लागायचा. रस्त्यावर कुठे हॉर्न जोरात वाजला तरी हातातलं काम थांबायचं.

त्या तिघांना हात दिसत नव्हता असं नाही. चांगला दिसत होता. पण भारी पत्ते आले की माणसाचे हात कापतात, ही पत्तेवाल्यांची जुनी समजूत. नवऱ्याने चिप्स पुढे सारताना हात हलला रे हलला, की केमिस्ट ओरडायचा, "आले! याला राजे आले!" आणि आपली पानं टाकून मोकळा व्हायचा. बाकीचेही टाकायचे. मग नवरा पत्ते उलटे करायचा, तर सगळा कचरा. हसून हसून भावाच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"दाजी, नाटकात जायला हवं होतं तुम्ही!"

"अभिनय लागतो बाबा," नवरा म्हणायचा. आयतंच पांघरूण मिळालं होतं त्याला. आणि तिचा सख्खा भाऊ ते दर रविवारी नीट खोचून द्यायचा, याचा तिला मनस्वी राग यायचा.

त्या रविवारीही तेच झालं. हात हलला, तिघांनी पानं टाकली, पत्ते कचरा निघाले. ती सरबताचा जग घेऊन उभी होती. साहेबांनी हसत हसत आपला ग्लास होल्डरातून उचलला आणि म्हणाले, "वहिनी, तोंड गोड करा. उद्यापासून डोंगरावरच्या शाळेची गाडी यांच्याकडे देतोय. वळणावळणाचा रस्ता, आत सगळी लहान पोरं. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

नवऱ्याने मान डोलावली. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हा माणूस आता नाही म्हणेल, मग म्हणेल, म्हणून तिने वाट पाहिली. तो पत्ते गोळा करून भावाकडे सरकवत होता.

"भाऊजी, यांना ती गाडी देऊ नका," ती साहेबांना म्हणाली. "कुठलीच देऊ नका."

साहेबांनी ग्लास परत होल्डरात ठेवला. मग केमिस्ट खो-खो हसला. "घ्या! वहिनीपण ब्लफ मारायला शिकल्या!"

"चेष्टा करतेय ती," नवरा म्हणाला. त्याचा आवाज मात्र कोरडा होता. "अगं, आत जा तू."

"डाव संपला ना?" तिने साहेबांना विचारलं. तिला रडू फुटत होतं आणि ते ती लपवत नव्हती. "पत्ते गेले, चिप्स गेल्या. मग यांचा हात अजून का हलतोय?"

सगळ्यांनी बघितलं. हिरव्या कापडावर रिकामा उजवा हात पडला होता. अंगठा बोटांवर घासत होता, थांबत नव्हता. नवऱ्याने त्यावर डावा हात ठेवला, तर दोन्ही हलू लागले.

केमिस्टचं हसू तोंडातच राहिलं. औषधांच्या दुकानात उभा राहणारा माणूस, त्याने मान खाली घातली. भाऊ "ताई..." एवढंच म्हणाला. साहेबांनी हात पुढे करून तो हात आपल्या मुठीत घट्ट धरला, आणि मग त्यांचीही मूठ हलताना दिसली.

"सगळ्यांसमोरच बोलायचं होतं का?" नवरा तिला म्हणाला. त्यात राग नव्हता, म्हणून तिला ते जास्त लागलं.

"एकट्याला बोलले असते, तर तुम्ही मला पुन्हा गप्प केलं असतं," ती म्हणाली. "आणि मी पुन्हा गप्प बसले असते."

तो साहेबांच्या मुठीकडे बघत राहिला. हात सोडवून घ्यायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

"साहेब," शेवटी तो म्हणाला, "पोरांना उद्या कोण नेणार?"