मागे घेतलेलं मर्ज

"मुंगे, तुझी अलार्मची फाइल कुठे ठेवलीयस?" भोपूने खुर्ची फिरवून विचारलं. अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा आवाज. उगाच नाही त्याला भोपू म्हणत.

"मेन ब्रँचवर. आणखी कुठे असणार?"

"तिथे नाहीये."

"सर्व्हरवरून ताजं पुल केलंस का? की गेल्या महिन्याच्या कॉपीवर डोकं आपटतोयस?"

"केलं, बाई, केलं. ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

तिला मुंगी म्हणत, कारण ती दुसऱ्याचा प्रोग्रामही ओळ न ओळ चालत जाऊन वाचायची. त्यांची कंपनी नवजात बाळांसाठी वॉर्मर बनवायची. वर हीटर, खाली उघडा पाळणा आणि बाळाच्या पोटावर चिकटवलेला बटणाएवढा सेन्सर. सेन्सर जे तापमान सांगेल त्याप्रमाणे हीटर कमी-जास्त व्हायचा. यात एक धोका होता. सेन्सर सुटून गादीवर पडला, तर तो बाळाचं नाही, खोलीतल्या हवेचं तापमान सांगतो. मशीनला वाटतं बाळ गारठलंय, आणि ते हीटर वाढवत नेतं. सेन्सर सुटल्याबरोबर मशीनने ओरडावं, यासाठी मुंगीने तो अलार्म लिहिला होता. आधी आपल्या ब्रँचवर, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतःच्या वेगळ्या प्रतीवर, आणि मग ती ब्रँच सगळ्यांच्या मेन ब्रँचमध्ये मर्ज केली, म्हणजे मिसळली होती.

हे काम तिच्यासाठी आता नुसतं काम राहिलेलं नव्हतं. तिच्या ताईचं बाळ वेळेच्या बरंच आधी जन्मलं होतं आणि त्यांच्याच कंपनीच्या एका वॉर्मरमध्ये होतं. नवीन व्हर्जन तिथल्या मशीनमध्ये भरलं गेलं, तेव्हा मुंगी स्वतः वॉर्डात जाऊन सांगून आली होती, "आता सेन्सर सुटला की मशीनच ओरडेल. सारखं चादर उचलून बघायला नको." नर्स म्हणाली होती, "बरं झालं गं बाई, मला काय दहा हात आहेत?" आणि ताई बाळंतपणानंतर पहिल्यांदाच रात्री घरी जाऊन झोपली होती.

मुंगीने भोपूचा स्क्रीन पाहिला. मग आपल्या जागेवर येऊन सर्व्हरवरून सगळं ताजं उतरवून घेतलं. फाइल नव्हती.

"माझ्या ब्रँचवर आहे," ती म्हणाली. "ही बघ. आणि ही ब्रँच मेनमध्ये मर्ज झालेली आहे. सिस्टिमच सांगतेय."

"सिस्टिम सांगतेय ते खरं, आणि फाइल नाही हेही खरं. म्हणजे काहीतरी झोल आहे."

दोघांनी बदलांचा इतिहास उघडला. मुंगीची ब्रँच पहिल्यांदा मर्ज झाल्यावर मशीनचा स्क्रीन मधूनच गोठायला लागला होता, म्हणून त्यांच्या टीमच्या प्रमुख मॅडमनी ते मर्ज मागे घेतलं होतं. ते मुंगीला माहीत होतं. तिने आपल्या ब्रँचवर स्क्रीनची दुरुस्ती केली आणि ब्रँच पुन्हा मर्ज केली. काही अडलं नाही. सगळ्या चाचण्या पास झाल्या, हिरवी खूण आली.

आता दुसऱ्या मर्जमध्ये नेमकं काय आलं ते तिने उघडून पाहिलं. फक्त स्क्रीनची दुरुस्ती. बाकी काहीच नाही.

"ओह," भोपू म्हणाला. या वेळी हळू.

मर्ज करताना सिस्टिम फाइली मोजत बसत नाही, कुठले बदल आधी आत येऊन गेलेत ते पाहते. अलार्मचे बदल पहिल्या मर्जमध्ये आत आले होते. नंतर मॅडमनी ते काढून टाकले, पण ते काढणं सिस्टिमच्या लेखी एक नवा, वेगळा बदल होता. त्यामुळे दुसऱ्या वेळी सिस्टिमने हिशेब केला की अलार्म तर आपल्याकडे येऊन गेलाय, आता उरलेलं तेवढं घेऊ.

"पण चाचणी? मी अलार्मची चाचणी लिहिली होती," मुंगी म्हणाली आणि म्हणता म्हणताच तिला उत्तर कळलं. चाचणीही त्याच ब्रँचवर होती. अलार्मबरोबर तीही गेली. जी चाचणी जागेवरच नाही, ती नापास कशी होणार? आणि तिने स्वतः ऑफिसातल्या मशीनवर अलार्म कितीदा वाजवून पाहिला होता, तो आपल्या ब्रँचवर. मर्ज झालेल्या मेनवर एकदाही नाही.

कंपनीचे सर्व्हर दोन होते. एक ऑफिसचा, दुसरा कारखान्याचा. कारखान्याच्या सर्व्हरवरून तंत्रज्ञ मशीनमध्ये व्हर्जन भरत. मुंगीने त्याचीही मेन ब्रँच उतरवून घेतली. तिथेही फाइल नव्हती. वॉर्डात भरलेलं व्हर्जन हेच होतं.

वॉर्डचा फोन व्यग्र लागत होता. तिने भाऊजींना लावला.

"बोला, शास्त्रज्ञ!" ते म्हणाले. "भाच्याची चौकशी का?"

"भाऊजी, तुम्ही वॉर्डाजवळ आहात?"

"दारातच आहे. तुझी ताई आत्ताच घरी गेली आंघोळीला."

"आत जा आणि नर्सला सांगा, सेन्सर पोटाला नीट चिकटलाय का ते हाताने बघा म्हणावं. आत्ता, लगेच."

"अगं, सुटला तर मशीन ओरडतं ना? तूच म्हणालीस."

"नाही ओरडणार."

पलीकडून घाईघाईची पावलं, दाराचा आवाज, कुणाची तरी कुजबुज. भोपू तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता.

"एका बाजूने सुटत आला होता," भाऊजी अखेर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "नर्सने नवी पट्टी लावली. बाळ बरं आहे. हे काय चाललंय?"

"सांगते. तोवर त्यांना म्हणावं, पूर्वीसारखं हाताने बघत राहा."

मॅडमनी सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं. "मर्ज मागे घेतलं असेल, तर आधी ते मागे घेणंच मागे घ्यायचं, म्हणजे काढलेलं परत येतं. मग ब्रँच मर्ज करायची."

"हे तुम्ही तेव्हा बोलला नाहीत."

"तू विचारलं नाहीस." त्यांनी डोळे चोळले. "असो. उद्या दुपारपर्यंत नवं व्हर्जन जाईल. तोवर बोभाटा नको. जुन्या व्हर्जनमध्येही हा अलार्म नव्हताच, तरी चाललंच होतं ना?"

"तेव्हा नर्स चादर उचलून बघत होत्या, मॅडम. आता बघत नाहीत. आपणच सांगितलंय तसं."

मॅडमनी खुर्ची ओढली. "वॉर्डांचे नंबर काढा. भोपू, तू बोल. तुझा आवाज कुणी टाळू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तंत्रज्ञ नवं व्हर्जन भरून वॉर्डातून निघून गेला, तेव्हा ताई बाळाला छातीशी धरून बसली होती. मुंगीने रिकाम्या पाळण्यातला सेन्सर हातात धरला, तो तापल्यावर गादीवर टाकला. मशीन कर्कश ओरडलं. शेजारचं एक बाळ दचकून रडायला लागलं.

"वाजतंय," मुंगी म्हणाली.

"ऐकलं."

"या वेळी मी याच मशीनवर वाजवून दाखवलंय, ताई. माझ्या शब्दावर जायची गरज नाही."

"उद्या तुमच्यातल्या कुणी परत काही मागे घेतलं तर?"

"आता आम्हाला न कळता..." मुंगीने सुरुवात केली आणि थांबली. गेल्या वेळीही न कळता काही झालं नव्हतं. मॅडमनी मर्ज मागे घेतलं ते सगळ्यांना माहीत होतं, तिने पुन्हा मर्ज केलं तेही. हिरवी खूण तर सगळ्यांनीच पाहिली होती.

ताईने बाळाला पाळण्यात ठेवलं, सेन्सर चिकटवला, पट्टीच्या कडा अंगठ्याने दाबल्या. वर चादर घातली आणि हात चादरीखालीच राहू दिला.

"घरी जाऊन थोडी झोप तरी," मुंगी म्हणाली. "भाऊजी आहेत, मी थांबते."

"तू थांबलीस तरी मी इथेच बसणार." ताईने हे रागाने म्हटलं नाही. बाळाच्या दुपट्याची घडी सरळ करत, सहज म्हणावं तसं म्हटलं.

नर्स औषधाचा ट्रे घेऊन आली. तिने ताईच्या बाळाची चादर उचलून पाहिली, ताईचा हात हलकेच बाजूला केला, सेन्सर चाचपला आणि पुढच्या पाळण्याकडे गेली. तिथलीही चादर उचलली. मुंगीला म्हणावंसं वाटलं की आता तशी गरज नाही, मशीन सांगेल. पण तिने पिशवी खाली ठेवली आणि ताईशेजारी बसायला स्टूल ओढलं.